सुधाताईंची कोंडलेली हवा

सुधाताई, शाळेच्या सेक्रेटरी साहेबांनी तुमच्या फोटोला झेंडूचा हार घातला, डोळे मिटून जरा वेळ उभे राहिले, आणि डोळे उघडल्या उघडल्या स्टाफरूममध्येच म्हणाले, "तो अब दसवीं का साइंस बंद कर देते हैं. बच्चियों को होम साइंस में बिठा दीजिए." हार अजून हलून राहिला होता हो! मला असा संताप आला की डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. तुम्ही असत्या तर चष्मा काढून पदराने पुसला असता, म्हणजे समोरच्याने ओळखायचं की आता आपलं काही खरं नाही. मला चष्मा नाही. मी म्हटलं, "सर, सोमवारी एकदा सुधाताईंच्या वर्गात येऊन बसा. प्रयोग बघा. मग काय बंद करायचं ते करा." ते हसले. "सोमवार को पढ़ाएगा कौन, कुमुद जी? सुधा जी तो गईं."

तुम्ही गेल्या, हे मला त्यांनी सांगावं! तुम्हाला लुगड्यात गुंडाळून न्यायच्या आधी तुमचे केस मी विंचरले. निमोनियाने आठवडाभरात माणूस एवढुसं होऊन जाते, हे मला माहीत नव्हतं. पण त्या दिवसाचं मी लिहीत नाही. ते तुम्हालाही आवडणार नाही आणि मला झेपणारही नाही.

गंमत बघा ताई, होम सायन्स म्हणजे मीच. पोरी माझ्याकडे आल्या तर वर्ग भरते, माझी नोकरी पक्की होते. दुसरी कोणी असती तर पेढे वाटले असते. पण या शाळेत मला आणलं कोणी? मी अमरावतीहून लग्न होऊन जबलपूरला गढ्यात आली, तुमच्या शेजारच्या खोलीत बिऱ्हाड केलं, आणि वर्षभर दारात बसून पापड लाटत राहिली. तुम्ही शाळेतून येता येता थांबायच्या, एक ओला पापड उचलून तोंडात टाकायच्या आणि म्हणायच्या, "कुमुद, तू शिकलेली बाई आहेस ना? मग काहून दारात बसून राहिलीस?" शेवटी तुम्हीच अर्ज करायला लावला, तुम्हीच हेडबाईंपाशी हट्ट धरला. स्टाफरूममध्ये कोणीतरी माझ्या विषयाला 'रोटी विज्ञान' म्हटलं, तर मी गप्प बसली आणि तुम्ही उसळल्या. "पोळी फुगते ती काय मंत्राने फुगते? आत पाण्याची वाफ होते, वाफेला जागा लागते. ही शिकवते ती उष्णताच आहे. तुम्ही फक्त खाता." मी तुमचे आभार मानायला आली, तर तुम्ही म्हटलं, "आभार राहू दे, थालीपीठ लाव." थालीपीठ लावलं. आभार राहूनच गेले.

आणि पाकिस्तानच्या लढाईच्या दिवसांत तर माझ्या विषयाचा काय मान वाढला होता! फौजेचे ट्रक बनवणाऱ्या फॅक्टरीचा भोंगा दिवसरात्र ओरडून राहिला होता, तुमचे वामनराव भाऊजी आणि आमचे हे दोघंही दुहेरी पाळ्या करून राहिले होते, आणि शाळेत माझ्या पोरी जवानांसाठी स्वेटर विणून राहिल्या होत्या. सेक्रेटरी साहेब रोज येऊन लोकरीच्या ढिगाला हात लावून जायचे. तुमच्या प्रयोगशाळेचं सामान अंबाल्याहून यायचं होतं, ते काही आलं नाही, गाड्या सगळ्या फौजेच्या. तुम्ही विचारायला गेल्या तर साहेब म्हणाले, "सुधा जी, जंग चल रही है. अभी स्वेटर चाहिए, पिस्टन का क्या काम?" तुम्ही म्हटलं, "तो साहब, फौज का ट्रक स्वेटर पे चलेगा क्या?" मी दाराशी लोकरीचे गुंडे घेऊन उभी होती, हसू दाबता दाबता एक गुंडा सुटून थेट साहेबांच्या बुटापाशी गेला.

मग तुम्ही हट्टालाच पेटल्या. सामान येत नाही तर येत नाही, आपण बनवू. नेपियर टाउनातल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून टोकाला टवका गेलेली मोठी काचेची सिरिंज मागून आणली. एक गोल पोटाची काचेची कुपी, तिला रबरी बूच, बुचातून काचेची नळी, नळीला रबराची नळी, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला ती सिरिंज. झालं इंजिन! मी म्हटलं, "हे इंजिन? हे तर सलाइन लावल्यावाणी दिसून राहिलं." तुम्ही रागावल्या नाही. मला समोर बसवून सांगितलं, अगदी दहावीच्या पोरीला सांगावं तसं. कुपीत हवा कोंडली आहे. ती गप बसलेली दिसते, पण तिचे कण सारखे धावत असतात, काचेवर आदळत असतात. आच दिली की ते आणखी जोरात धावतात, आणखी जोरात आदळतात. बाकी सगळ्या भिंती पक्क्या. सरकणारी भिंत एकच, ती म्हणजे हा सिरिंजचा दट्ट्या. मग तो सरकते. हवेला जागा मिळेपर्यंत सरकते. "बस एवढंच," तुम्ही म्हटलं, "आणि याच एवढ्यावर हे सगळे ट्रक धावून राहिले."

मला लगेच काहीबाही सुचायचं. मी म्हटलं, "ताई, हे तर आपल्या बायांच्या जातीसारखंच झालं. कोंडून ठेवा, आच द्या..." तुम्ही मला तिथेच तोडलं. "हवा म्हणजे हवा आहे, कुमुद. तिच्यावर भजन लिहू नकोस." बरं बाई, नाही लिहीत.

पण आपलं तूप आठवते ना तुम्हाला? सिरिंज अडकून राहिली होती. दट्ट्या ढकलला की कचकन थांबे. तेल पाहिजे होतं. शिवणाच्या मशीनचं तेल दुकानात मिळेना, गल्लीतल्या सगळ्या मशिनी जवानांसाठी चालून राहिल्या होत्या. मी म्हटलं, भाऊजींना फॅक्टरीतून थेंबभर आणायला सांगा. तुम्ही असं पाहिलं माझ्याकडे, जसं मी तोफ आणायला सांगितली! जवसाचं तेल लावून पाहिलं, ते चिकट झालं. मग मीच म्हटलं, माझं घरचं साजूक तूप आहे, याच्याहून गुळगुळीत जगात काही नाही. तुम्हाला पटलं. दुपारी उन्हात बसून आपण तूप लावलं आणि दट्ट्या असा सुळकन जाऊ लागला की तुम्ही टाळीच वाजवली. म्हटलं, उद्या सकाळी शाळेत न्यायच्या आधी एकदा आच देऊन पाहू.

आणि सकाळी? मार्गशीर्षातली जबलपूरची सकाळ! रोज उठून तुपाची बरणी चुलीपाशी सरकवणाऱ्या आपण दोघी, वरणावर तूप पडत नाही म्हणून चमच्याने कोरून वाढणाऱ्या आपण दोघी, आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही की तूप थिजते! तुमच्या ओसरीवर स्पिरिटचा दिवा लावला. कुपी तापून राहिली, दट्ट्या जागचा हलेना. तुम्ही म्हटलं, "थांब, जोर धरून राहिली आहे." कुपीने जोर धरला तो धरला, आणि फाट्कन बूच उडून छपराच्या पत्र्यावर आदळलं. अवो, काय आवाज! ऐन लढाईचे दिवस. समोरची म्हातारी खाटेखाली, नळावरच्या बाया घागरी टाकून हवाई हल्ल्यासाठी खणलेल्या खंदकात, आणि दंडाला वॉर्डनचा पट्टा बांधलेला आपला पानवाला भैया शिटी फुंकत दारात. "क्या गिरा? क्या गिरा?" तुम्ही चष्मा सारखा केला आणि गंभीर तोंडाने म्हटलं, "कुछ नहीं भैया. घी जम गया था."

तो बिचारा छपराकडे पाहून म्हणाला, "घी से धमाका?" मग गल्लीभर झालं की सुधा दीदीच्या घरचं तूप फुटते. मी पदर तोंडात कोंबून आत पळाली, आणि मागून तुम्ही आल्या, आणि आपण दोघी चुलीपाशी बसून इतक्या हसलो की भाऊजी पाळीवरून थकून आले होते ते बिनबोलता बाहेरच बसून राहिले. ते हसणं मला अजून पोटात दुखते. त्याच दिवशी तुम्ही सिरिंज गरम पाण्याने धुतली, कोरडी केली, आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड करून दट्ट्याला चोळली. मग तो जो सरकला, तो कधी अडकला नाही.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं, ते संपलंच नाही. तुम्ही म्हणायच्या, काम करते ती आच. मी म्हणायची, आच देणं सोपं आहे ताई. दूध कोणीही तापवते. जी उतू जायच्या आधी उतरवते, तिला स्वयंपाक येते. तुमचा दट्ट्या एकदा सरकला, मग? तिथेच राहिला तर तुमचा ट्रक कसा चालते? त्याला परत यावं लागते, आणि परत यायला हवा थंड व्हावी लागते. म्हणजे अर्धं काम थंडाव्याचं.

"परत येणं म्हणजे काम नाही," तुम्ही म्हटलं.

"वा! मग भाऊजी फॅक्टरीत जातात ते काम, आणि संध्याकाळी घरी येतात ते फुकट?"

"हे फिजिक्स नाही कुमुद, हे भांडण आहे. आणि ट्रकात कोणी हवा थंड करत बसत नाही. गरम हवा बाहेर फेकतात, नवी आत घेतात."

"मग ती कोंडलेली राहिलीच कुठे?"

तुम्ही चहा ठेवायच्या निमित्ताने उठल्या. तेव्हा मला वाटलं, जिंकली! मी चांगलं मिरवून घेतलं. तुम्ही तापाने पडल्या त्यातही हा विषय निघाला. मी कपाळावर ओली पट्टी ठेवून राहिली होती, आणि म्हटलं, "बघा, आता कोण कामाचं? आच की थंडावा?" तुम्ही डोळे न उघडता हसल्या. म्हटलं, "तू म्हणतेस त्यात एक गोष्ट बरोबर आहे. आणि एक चूक आहे. उद्या सांगते." मी म्हटलं, "आत्ता सांगा." तुम्हाला धाप लागली होती, मी पट्टी बदलली.

कोणती बरोबर आणि कोणती चूक, ताई? मी आता कोणाला विचारू? भाऊजींना विचारायची हिंमत नाही. ते दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी फॅक्टरीत गेले, म्हणाले, घरात बसलो तर भिंती अंगावर येतात. शनिवारी तुमचं ते सामान टोपलीत घालून माझ्या दारात आणून ठेवलं. "कुमुदबाई, हे शाळेत न्या. तिथे कोणाला नको असलं तर कोणाला द्यायचं ते द्या, पण परत घरी आणू नका. माझ्याच्याने पाहवत नाही." एवढं मोठं वाक्य भाऊजी आजवर कधी बोलले नव्हते. मी टोपली घेतली आणि ते गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत दारात उभी राहिली. मग आत येऊन मात्र ओक्साबोक्शी रडली. आमचे हे चहा करून घेऊन आले, म्हणाले, "तुला जमेल." यांना काय माहीत जमेल की नाही? यांना तर दिव्याची वात बदलता येत नाही. पण बरं वाटलं.

आणि आज सोमवार झाला. सगळं सांगते.

सकाळी प्रयोगशाळेत असा गारठा होता की पोरी हात काखेत घालून बसल्या होत्या. खिडक्यांना लढाईतला काळा कागद अजून तसाच आहे, ऊन आत येत नाही. सेक्रेटरी साहेब शाल पांघरून आले, मागच्या बाकावर बसले, आणि बसल्या बसल्या घड्याळ पाहिलं. मी सामान मांडलं. सिरिंज आडवी ठेवली, बूच दाबलं, नळ्या पाहिल्या. सगळं तुम्ही करायच्या तसं. मग स्पिरिटचा दिवा उचलला, तर तो हलका लागला. बाटली पाहिली, तर बुडाशी ओल सुद्धा नाही. तुम्ही पडल्यापासून बाटलीचं झाकण कोणी नीट लावलं नव्हतं, सगळं स्पिरिट उडून गेलं! रविवारी अख्खा दिवस मी काय बोलायचं ते पाठ केलं आणि बाटली पाहिली नाही. शहपुरा गावची मालती पहिल्या बाकावर होती, तीच जी मामाकडे राहून शिकते. तिला होम सायन्समध्ये टाकलं तर मामा शाळेतूनच काढणार आहे, तो म्हणते, रोट्या तर मामीही शिकवेल. ती माझ्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे पाहून राहिली होती.

साहेब मागून म्हणाले, "रहने दीजिए कुमुद जी. आपने कोशिश की."

कोशिश की! नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. मी कुपी उचलून बाजूला ठेवायला गेली आणि हात झटकन मागे घेतला, इतकी गार लागली काच, जशी विहिरीतून काढली. आणि तिथेच थांबली. काच मला गार लागली, म्हणजे मी तिला गरम लागली असेल. मग आच कायला पाहिजे? तिच्याहून गरम काहीही चालते.

"मालती, इकडे ये. तुम्ही पण या गं, दोघी-तिघी. हाथ मलो. ज़ोर से मलो." पोरी हात चोळू लागल्या. "अब इसको पकड़ो. चारों तरफ़ से. दबाना नहीं, बस पकड़े रहो." त्या पोरींनी ती कुपी अशी धरली, जसं कोणी पाखरू धरते. दट्ट्या जागचा हलला नाही. माझ्या मनात आलं, ताई, आता तुम्ही काही करा. मग मलाच राग आला, तुम्ही काय करणार, हवा म्हणजे हवा आहे. ती आपल्या गतीने गरम होईल. मी ओरडली, "कोई हाथ नहीं हटाएगा!"

आणि सरकला हो! आधी केसभर. मग थांबला, मग परत. मग असा हळू, न थांबता, दिसेल असा सरकत गेला. मागच्या पोरी बाकांवर चढल्या. साहेब उठून पुढे आले, शाल खांद्यावरून घसरली ते त्यांना कळलं नाही. वाकून पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. "बिना आग के?" त्यांनी मला विचारलं. मालतीनेच सांगितलं. हात न काढता, मान सुद्धा न वळवता, ती म्हणाली, "साहब, आग नहीं चाहिए. अंदर की हवा ठंडी है, हमारे हाथ उससे गरम हैं. हवा को जगह चाहिए, तो वो पिस्टन को धकेल रही है. और कोई रास्ता ही नहीं है उसके पास."

हे वाक्य मी तिला शिकवलं नव्हतं. हे तुमचं वाक्य आहे, ताई, तुमच्याच आवाजातलं. मला त्या वेळी तुमची इतकी आठवण आली की मी टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिली.

साहेबांनी शाल सारखी केली. म्हणाले, "इम्तिहान तक चलने दीजिए. आगे देखेंगे." मग दारापाशी जाऊन वळले. "मगर पढ़ाएगा कौन? इस बार जवाब दीजिए."

"मैं पढ़ाऊँगी."

"आपको आता है?"

"नहीं आता. सीख लूँगी."

ते मान हलवून गेले. पोरींनी माझ्याभोवती असा गलका केला की हेडबाई धावत आल्या.

आता घरी आली, कुकर लावला, आणि तुम्हाला लिहायला बसली. तुम्ही शिकवायच्या ते पुस्तक समोर आहे. उद्याचा धडा विजेचा आहे, ताई. उष्णतेचं मला निदान चुलीपासून ओळखीचं होतं. यात माझ्या ओळखीचं काहीसुद्धा नाही. पहिलं पान वाचलं. ओ की ठो कळलं नाही. परत वाचून राहिली.